घरी सोडलेल्या स्ट्रोक पेशंटचे पहिले नव्वद दिवस : नर्स नॅव्हिगेटरने काय, कधी आणि कसं करायचं

स्ट्रोकचा पेशंट घरी जातो तेव्हा नातेवाइकांच्या हातात सहा-सात औषधांची यादी, 'फिजिओथेरपी चालू ठेवा' ही एक ओळ आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. वॉर्डात तीन पाळ्यांतल्या सिस्टर आणि मावशी मिळून जे करत होत्या, ते दुसऱ्या दिवसापासून घरातल्या एकाच माणसावर येतं. बहुतेक घरांत ही व्यक्ती म्हणजे बायको, सून किंवा मुलगी. तिला कुणी शिकवलेलं नसतं, आणि अडलं तर विचारायचं कुणाला हेही माहीत नसतं. ही जागा भरून काढण्यासाठी जी नर्स नेमली जाते ती नर्स नॅव्हिगेटर. आपल्याकडे काही रुग्णालयांत तिला स्ट्रोक नर्स किंवा स्ट्रोक कोऑर्डिनेटर म्हणतात.

मूळ कल्पना कॅन्सरच्या क्षेत्रातली आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये गरीब वस्तीतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी असा सोबती नेमला. ती पद्धत पुढे स्ट्रोकसाठीही वापरली जाऊ लागली.

काम सुरू करण्यापूर्वी दोन अभ्यास माहीत हवेत, कारण मेहनत कुठे वाया जाते ते त्यातून कळतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या ४० रुग्णालयांत 'कंपास' नावाचा प्रयोग झाला. घरी गेल्यावर दोन दिवसांत नर्सचा फोन आणि दोन आठवड्यांत क्लिनिकमध्ये सविस्तर तपासणी, अशी योजना होती. रुग्णांच्या प्रकृतीत एकूण फरक दिसला नाही, आणि ज्यांना ही सेवा मिळायची त्यांच्यातल्या जेमतेम ३५ टक्क्यांपर्यंत ती पूर्ण पोचली होती. आपल्याकडच्या 'स्प्रिंट इंडिया' अभ्यासात ३१ केंद्रांतल्या ४,२९८ रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांच्या भाषेत मेसेज, व्हिडिओ आणि माहितीपुस्तिका दिली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. औषधं नियमित घेणं आणि दारू-सिगारेट सोडणं यांत सुधारणा झाली, पण पुन्हा स्ट्रोक किंवा हृदयविकार येण्याचं प्रमाण घटलं नाही.

आमचा निष्कर्ष असा की नुसती माहिती देऊन भागत नाही आणि नुसता फोन करूनही भागत नाही. नॅव्हिगेटरच्या वहीत 'सांगितलं' या शब्दाला किंमत नाही. 'झालं' लिहायचं, आणि तेही स्वतः खातरजमा केल्यावरच. पुढचं सगळं या एका नियमावर उभं आहे.

घरी सोडण्याच्या आधी : माणसं ओळखा

काम डिस्चार्जच्या दिवशी सुरू करू नका. त्या दिवशी नातेवाईक बिल, विमा आणि गाडी यांत अडकलेले असतात. कानावर पडलेलं काहीच लक्षात राहत नाही. पेशंट आयसीयूतून वॉर्डात आला की पहिली भेट घ्या.

पहिल्या भेटीत तीन माणसं शोधायची. निर्णय कोण घेतो, पैसे कोण देतो आणि प्रत्यक्ष सेवा कोण करणार. आपल्याकडे ही तीन वेगळी माणसं असतात. डॉक्टरांशी बोलायला मोठा मुलगा पुढे असतो, फॉर्मवर नंबरही त्याचाच असतो, पण सकाळची गोळी द्यायची असते सुनेला, आणि ती वॉर्डात आलेलीच नसते. तिला एकदा तरी बोलावून घ्या. जमलंच नाही तर तिचा नंबर घ्या आणि दुपारी ती घरात असताना बोला. दोन नंबर लिहायचे : एक दिवसा घरात असलेल्या फोनचा, दुसरा निर्णय घेणाऱ्याचा.

मग पत्ता. 'घर कुठे' असं विचारू नका. 'इथून कुठे जाणार, आणि तिथे किती दिवस राहणार' असं विचारा. बरेच पेशंट आधी शहरातल्या मुलीकडे किंवा भावाकडे पंधरा दिवस राहतात आणि मग गावी जातात. घर बदलताना औषधांची पिशवी, फिजिओ आणि पुढची तारीख या तिन्ही गोष्टी हमखास निसटतात. मुक्काम बदलायची तारीख वहीत आधीच टाका आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन लावा.

घराची माहिती फोटोवरून घ्या : संडास, बाथरूम, झोपायची जागा, उंबरा आणि जिना. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्ची घरी नेण्याआधी आलेली हवी. खाटेची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील. रात्री संडासला जाताना पडण्याचे प्रकार फार होतात, म्हणून त्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवायला सांगा आणि वाटेतलं पायपुसणं उचलायला लावा.

पेशंटला खाटेवरून खुर्चीत घेणं, कुशीवर वळवणं आणि व्यायाम यांचे व्हिडिओ नातेवाइकांच्याच मोबाइलवर, त्यांच्याच पेशंटचे, फिजिओथेरपिस्टसमोर काढून घ्या. छापील पत्रकातला अनोळखी माणूस कोणत्या बाजूने धरायचा हे घरी गेल्यावर कळत नाही. त्यानंतर सेवा करणाऱ्या व्यक्तीकडून ती कृती तुमच्यासमोर करवून घ्या. 'समजलं ना' या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात.

गोळ्या : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

तीन याद्या समोर ठेवा : स्ट्रोकच्या आधी चालू असलेली औषधं, वॉर्डातली आणि डिस्चार्ज कार्डावरची. घरातली जुन्या गोळ्यांची पिशवी मागवून घ्या. तोंडी माहितीवर विसंबू नका. सगळ्यात नेहमीची चूक अशी : पेशंट आधीपासून बीपीसाठी टेल्मिसार्टन घेत होता, रुग्णालयाने तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहिलं, आणि घरी गेल्यावर दोन्ही सुरू राहिलं. चौथ्या दिवशी उठताना चक्कर येऊन पेशंट पडतो. जुन्या पाकिटांवरचं मूळ औषधाचं नाव वाचा. जे बंद करायचं ते डॉक्टरांना दाखवून पिशवीतून बाहेर काढा आणि 'बंद' लिहिलेल्या वेगळ्या पाकिटात घाला.

मग प्रत्येक औषधापुढे मराठीत चार गोष्टी लिहा : कशासाठी, किती वाजता, कधीपर्यंत, आणि एक वेळ चुकली तर काय करायचं. 'कधीपर्यंत' हा रकाना बहुतेक कार्डांवर रिकामा असतो आणि नुकसान तिथेच होतं.

रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचंच बघा. सौम्य स्ट्रोक किंवा तात्पुरत्या झटक्यानंतर ही दोन्ही औषधं साधारण २१ दिवस एकत्र देतात आणि मग एकच पुढे चालू ठेवतात. मेंदूतली रक्तवाहिनी फार अरुंद झालेली असेल तर हा काळ ९० दिवसांपर्यंत जातो; स्टेंट टाकला असेल तर हिशेब आणखी वेगळा. तारीख न लिहिल्यास दोनपैकी एक घडतं. घरचे वर्षभर दोन्ही देत राहतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. किंवा 'कोर्स संपला' म्हणून दोन्ही बंद करतात, आणि पुन्हा झटका येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो त्याच आठवड्यांत पेशंट उघडा पडतो. डॉक्टरांकडून नेमकी तारीख घ्या. 'अमुक तारखेपासून ही बंद, ही आयुष्यभर चालू' असं पाकिटावर मार्करने लिहा. त्या तारखेच्या आदल्या दिवशी फोन करा आणि दुसऱ्या दिवशी पाकिटाचा फोटो मागा.

हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना रक्त पातळ ठेवणारं औषध मिळतं. वॉरफरिन किंवा अॅसेनोकोमॅरॉल असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालं आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासणीची तारीख आणि लॅब आधीच ठरलेली हवी. बहुतेकांसाठी आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवतात. पालेभाजी बंद करायची गरज नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. एक बारीक गोष्ट : रक्त पातळ ठेवणाऱ्याच डॅबिगॅट्रानची कॅप्सूल दमट हवेत खराब होते. ती मूळ पाकिटातच ठेवायची, आठवड्याच्या डबीत काढून ठेवायची नाही, आणि फोडून पाण्यात घालायची नाही. नाकात नळी असलेल्या पेशंटला ती लिहून दिली असेल तर घरी सोडण्याआधीच डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. याच गटातल्या रिव्हरॉक्सॅबानचा १५ किंवा २० मिलिग्रॅमचा डोस जेवणासोबतच द्यायचा.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीबद्दल घरचे हमखास विचारतात, 'रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला?' गुठळीच्या स्ट्रोकनंतर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली ठेवायचं असतं आणि लॅबच्या कागदावरची 'नॉर्मल' मर्यादा त्याहून वर असते. हा आकडा कागदावर लिहून द्या. फिट येऊ नये म्हणून दिलेलं औषध एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते, हेही ठळक लिहा.

उपवासाचा विषय तुम्हीच काढा. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रमजान. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं तर साखर उतरते, आणि उतरलेल्या साखरेने एका बाजूची ताकद जाणं, बोबडं बोलणं अशी अगदी स्ट्रोकसारखी लक्षणं दिसू शकतात.

शेवटी साठा. घरी किती दिवसांच्या गोळ्या आहेत, त्या संपायची तारीख कोणती, पुढच्या कुठून आणणार आणि महिन्याचा खर्च किती. गावाकडच्या पेशंटसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या कोणत्या गोळ्या मिळतात ते आधीच फोन करून विचारा, जवळचं जनऔषधी केंद्र शोधा, आणि डॉक्टरांना त्यानुसार औषध बदलता येईल का हे डिस्चार्जपूर्वी विचारा. महाग औषध लिहून दिल्यावर घरचे 'बंद केलं' असं सांगत नाहीत. दिवसाआड द्यायला लागतात. म्हणून साठा संपण्याच्या पाच दिवस आधी फोन, आणि फोनवर उरलेल्या गोळ्या मोजायला लावणं. मोजणी जुळली नाही तर रागवू नका. खर्चामुळे की विसरल्यामुळे एवढंच शांतपणे विचारा.

गिळणं आणि नाकातली नळी

स्ट्रोकनंतर घसा कमजोर होतो आणि अन्न-पाणी श्वासनलिकेत जातं. ठसका लागलाच पाहिजे असं नाही. काही पेशंटांना ठसका न लागताही पाणी फुप्फुसात उतरतं. घरी सोडण्याआधी गिळण्याची चाचणी झाली आहे का आणि काय पातळ, काय घट्ट चालेल, हे लेखी हवं. भेटायला आलेल्या पाहुण्याने प्रेमाने पाजलेला घोटभर चहा हे न्यूमोनियाचं नेहमीचं कारण आहे. खाटेशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'तोंडाने काही देऊ नये' किंवा 'फक्त घट्ट पदार्थ, बसवूनच' अशी पाटी लावायला द्या. घरच्या बाईला पाहुण्यांना नाही म्हणणं अवघड जातं. पाटीचा तिला आधार होतो.

नळी घेऊन घरी जाणाऱ्या पेशंटसाठी ही कृती सेवा करणाऱ्या व्यक्तीकडून वॉर्डातच निदान तीन वेळा करवून घ्या :

१. नळी नाकपुडीशी जिथे येते तिथे मार्करची खूण असते. ती जागेवर आहे का पाहा. खूण बाहेर सरकली असेल तर काहीही घालायचं नाही, फोन करायचा.

२. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर करा. अंश कुणाला कळत नाहीत, म्हणून किती उशा लागतात ते घरच्या खाटेच्या हिशेबाने दाखवा.

३. ५० किंवा ६० मिलिची सिरिंज दट्ट्या काढून नळीला लावा. आधी ३० मिलि साधं पाणी.

४. ठरवून दिलेलं फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न), बहुधा एका वेळी २०० ते २५० मिलि, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्या. दट्ट्याने ढकलू नका, उलटी होते.

५. पुन्हा ३० मिलि पाणी, मग नळीचं झाकण बंद.

६. त्यानंतर निदान अर्धा तास पेशंटला आडवं करायचं नाही. पाठ चोळणं, डायपर बदलणं हे फीडच्या आधी उरकायचं.

नळी तुंबण्याची दोन कारणं असतात : न गाळलेली नाचणीची पेज आणि नीट न कुटलेल्या गोळ्या. प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, पाण्यात विरघळवायची, एकेक द्यायची आणि मधे थोडं पाणी. वरून लेप असलेली अॅस्पिरिन आणि नावापुढे एसआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरं असलेल्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या, गोळ्या कुटायच्या नाहीत. त्यांचा पर्याय डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आणि नळी असली तरी दिवसातून दोनदा तोंड स्वच्छ करायचं. तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात.

पहिला फोन : ४८ ते ७२ तासांत

या फोनला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आधी पेशंटशी बोला, मग घरच्यांशी. पेशंटचं बोलणं तुम्ही वॉर्डात ऐकलेलं असतं. जीभ जास्त जड झाली आहे का, आवाजात घरघर आहे का, हे तुमच्या कानाला कळेल. 'सगळं ठीक आहे ना?' हा प्रश्न विचारू नका. ज्या प्रश्नांना काहीतरी दाखवावं, वाचावं किंवा मोजावं लागेल असेच विचारा.

'आज सकाळी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं हातात घ्या आणि एकेक नाव वाचा.' वाचता येत नसेल तर व्हिडिओ कॉल. तिसऱ्या पाकिटाशी गाडी अडली की समजावं, ती गोळी दुकानात मिळालेली नाही. हा फोनमधला सगळ्यात उपयोगी क्षण असतो, तेव्हा घाई करू नका.

मग क्रमाने : काल दिवसभरात काय खाल्लं आणि ठसका लागला का. ताप. लघवी किती वेळा, रंग कसा, नळी असेल तर पिशवी खाटेच्या खाली आहे का. शौच किती दिवसांपूर्वी. माकडहाड, टाचा आणि कमजोर बाजूचा खुबा पाहून लाल डाग आहे का सांगा. बोट दाबून सोडल्यावर लाली जात नसेल तर तो व्रणाचा पहिला टप्पा समजायचा. पेशंट पडला का, किंवा पडता पडता वाचला का. दंडाला, पोटरीला सूज आहे का. आणि शेवटी, रात्री पेशंटजवळ कोण झोपतं आणि त्या व्यक्तीला किती झोप मिळते.

आलेली उत्तरं तीन ढिगांत टाका. आत्ता रुग्णवाहिका, आज डॉक्टरांशी बोलणं, किंवा पुढच्या फोनपर्यंत थांबणं. ताप आणि ठसका एकत्र असेल, एका पोटरीवर नवी सूज आणि दुखणं असेल, लघवी सहा-आठ तास झालेली नसेल, किंवा पेशंट कालपेक्षा सुस्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक दम लागला किंवा पेशंट जागाच होत नसेल तर थेट १०८.

नवा झटका कसा ओळखायचा हे पुन्हा सांगा : तोल, नजर, चेहरा, हात, बोलणं यांपैकी काहीही अचानक बिघडलं तर. आधीच कमजोर असलेल्या पेशंटमध्ये घरच्यांना फरक कळत नाही, म्हणून घरी सोडण्याच्या दिवशीचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवायला लावा : चेहरा हसताना, दोन्ही हात वर, एक वाक्य बोलताना. शंका आली की आजचं त्याच्याशी ताडून बघायचं. त्यात दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवायची नाहीत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे पेशंट शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहायची. घरी अॅस्पिरिन द्यायची नाही, कारण झटका रक्तस्रावाचा असेल तर ती घातक ठरते. तोंडात पाणीही घालायचं नाही. सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही असलेलं जवळचं रुग्णालय तुम्ही आधी शोधून त्याचं नाव भिंतीवरच्या कागदावर लिहून द्या. तालुक्याच्या ठिकाणी मोठं रुग्णालय दिसतं, पण रात्री तिथलं सीटी बंद असतं. हे फोन करून खात्री केल्याशिवाय कळत नाही.

पहिला पंधरवडा

कमजोर हात ओढून पेशंटला उठवायचं नाही. खांद्याचा सांधा आधीच सैल असतो; काखेतून किंवा हाताला धरून ओढल्याने तो निखळतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो. दुखऱ्या खांद्यामुळे पेशंट व्यायाम टाळतो आणि सुधारणा तिथेच अडते. कमरेला पट्टा किंवा घट्ट बांधलेली ओढणी, आणि आधार तिथून. बसताना हाताखाली उशी.

स्वतः वळू न शकणाऱ्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची. एअर बेड आणला म्हणून हे काम सुटत नाही. लघवीची नळी का ठेवली आहे आणि कधी काढायची, याची तारीख कार्डावर नसेल तर मागून घ्या. कारण नसताना राहिलेली नळी म्हणजे जंतुसंसर्ग.

शेक आणि मालिश यांबद्दल स्पष्ट बोला. कमजोर बाजूला संवेदना कमी असते. गरम पाण्याच्या पिशवीने कातडी भाजते आणि पेशंटला पत्ताच लागत नाही. 'अंगावरून वारं गेलं' म्हटलं की गावात कुणीतरी झाडपाला, डाग देणं किंवा कबुतराचं रक्त चोळणं सुचवतंच. घरच्यांची टिंगल करू नका, त्यांचा जीव तुटत असतो. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही म्हणा. पण डाग नको, पोटात घ्यायचं अनोळखी औषध नको, आणि त्यासाठी चालू गोळी एक दिवसही बंद नको.

बीपी घरी मोजायला शिकवा. दंडाला लावायचं यंत्र, चांगल्या हातावर, कारण कमजोर हाताचा आकडा फसवू शकतो. पाच मिनिटं शांत बसून, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. आधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नाही. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. ओपीडीच्या आधीचे सात दिवस हे लिहिलेलं असलं की डॉक्टरांना डोस ठरवणं सोपं जातं. बहुतेकांसाठी लक्ष्य १३०/८० च्या खाली. बीपी नॉर्मल आलं म्हणजे गोळी काम करते आहे, बंद करायची वेळ आलेली नाही. हे वाक्य प्रत्येक फोनवर म्हणायची तयारी ठेवा.

तंबाखूचा प्रश्न फोड करून विचारा. 'तंबाखू खाता का?' याला बायका 'नाही' म्हणतात आणि रोज दोनदा मशेरी लावतात. मशेरी, गुटखा, तंबाखू-चुना, बिडी, तपकीर, प्रत्येकाचं नाव घ्या. मिठाबाबतही तसंच : 'मीठ कमी करा' याचा उपयोग नाही. लोणचं, पापड, फरसाण, सुकट-बोंबील आणि ताटात वरून घेतलेलं मीठ यांपैकी या घरात काय चालतं ते विचारून त्यातल्या दोन गोष्टींवर बोला.

ओपीडी आणि राहिलेले रिपोर्ट

तपासणी सात ते चौदा दिवसांत व्हावी. तारीख देताना गाडी कोण आणणार, व्हीलचेअर दारात मिळेल का, पेशंटला किती वेळ बसवता येतं हे विचारून सकाळची पहिली वेळ घ्या. लांबचं अंतर शक्यच नसेल तर ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ सेवेवरून किंवा तुमच्या रुग्णालयाच्या व्हिडिओ सेवेतून भेट ठरवा. मात्र त्याच दिवशी जवळच्या केंद्रात बीपी आणि साखर मोजलेली हवी.

घरी सोडताना राहिलेल्या तपासण्यांची वेगळी यादी करा. होल्टर (हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद), इको (हृदयाची सोनोग्राफी), लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि सगळ्यांत महत्त्वाचा मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (त्यांची सोनोग्राफी). झटका ज्या बाजूच्या रक्तवाहिनीमुळे आला ती ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल तर शस्त्रक्रियेचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. महिन्याने निघालेला डॉप्लर त्या पेशंटच्या दृष्टीने उशिरा निघालेला असतो. म्हणून ही एक तपासणी राहिली असेल तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका.

फिजिओ, मन आणि सेवा करणारी बाई

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. नंतरही होत राहते, पण सावकाश. नेमका याच काळात पैसे संपतात आणि फिजिओ बंद होतो. घरच्यांना शिकवून पूर्ण भागेल का, हे भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर 'अटेंड' अभ्यासात तपासलं गेलं. २०१७ चा निष्कर्ष असा की नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यातून मृत्यू किंवा परावलंबन कमी झालं नाही. म्हणून घरच्या व्यायामाला प्रशिक्षित माणसाचा पर्याय समजू नका. रोज परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट आणि बाकीचे दिवस त्यांनी बदलून दिलेला व्यायाम, अशी घडी बसवा. व्यायाम रोजच्या कामाशी जोडलेला असावा : खुर्चीतून उठणं, तांब्या उचलणं, सदऱ्याची बटणं लावणं.

स्ट्रोकनंतर साधारण तीनपैकी एकाला नैराश्य येतं आणि घरचे त्याला 'हट्टीपणा' म्हणतात. दुसऱ्या आठवड्यापासून दोन प्रश्न विचारा : गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालं का, आणि उदास, निराश वाटलं का. जगण्याचा कंटाळा आला का, हेही सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर 'हो' असेल तर पेशंटला एकटं ठेवायचं नाही आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर द्या. वाचा गेलेल्या पेशंटमध्ये शब्दांवर जाता येत नाही; जेवणावरचं मन उडणं, तोंड फिरवणं, व्यायामाला नकार यांवरून ओळखावं लागतं. अशा पेशंटसमोर घरच्यांनी त्याच्याविषयी तो नसल्यासारखं बोलू नये. त्याला बरंचसं समजत असू शकतं. हो-नाही चे प्रश्न, खुणा आणि चित्रं वापरा.

सेवा करणाऱ्या व्यक्तीसाठी प्रत्येक फोनमध्ये पाच मिनिटं राखून ठेवा. पाठ दुखते का, स्वतःच्या बीपी-साखरेच्या गोळ्या घेते का, शेवटचं घराबाहेर कधी पडली. ती आजारी पडली की पेशंट दुसऱ्याच दिवशी पुन्हा रुग्णालयात येतो. आठवड्यातले दोन अर्धे दिवस दुसरं कोण बसेल हे निर्णय घेणाऱ्या माणसाशी बोलून नावासकट ठरवा.

पैसा आणि कागद

आयुष्मान भारत योजनेतून उपचार झाले असतील तर घरी गेल्यावरच्या १५ दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या त्यात धरलेल्या असतात. हे डिस्चार्जपूर्वी आरोग्यमित्राकडून (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) पक्कं करा. ७० वर्षं आणि त्यावरच्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता २०२४ पासून हे कार्ड मिळतं. डिस्चार्ज कार्ड, सीटी-एमआरआयच्या फिल्म आणि रिपोर्ट यांचे फोटो पहिल्याच दिवशी दोन मोबाइलवर काढून ठेवायला लावा.

दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी मज्जासंस्थेच्या आजारात सहा महिने झाल्यावर तपासणी होते. सवलतींसाठी साधारणपणे ४० टक्क्यांची मर्यादा लागते. घाईने दुसऱ्या महिन्यात गेलेला पेशंट रांगेत थकून रिकाम्या हाताने परततो. सहाव्या महिन्याची तारीख वहीत टाका आणि संजय गांधी निराधार योजनेची चौकशीही तेव्हाच करायला सांगा.

वही, आणि काम दुसऱ्याकडे देणं

महिन्याला २५ पेशंट घरी जात असतील तर तीन महिन्यांच्या पाठपुराव्यात एका वेळी सुमारे ७५ नावं तुमच्याकडे असतात, त्यांतली बारा-तेरा पहिल्या पंधरवड्यातली. त्यांना दिवसाचा निम्मा वेळ द्या. फोनच्या तारखा अशा : तिसरा दिवस, सातवा, ओपीडीनंतरचा, एकविसावा, महिना, दोन महिने, नव्वदावा. प्रत्येक कामापुढे तीन रकाने : कोण करणार, कधीपर्यंत, आणि कशावरून झालं म्हणायचं. तिसऱ्यात पाकिटाचा फोटो, बीपीचा आकडा किंवा ओपीडीचा कागद यांपैकी काहीतरी असल्याशिवाय ओळ बंद होत नाही.

फोनवरून डोस बदलायचा नाही, डॉक्टरांचं नाव घेऊनही नाही. डॉक्टरांचा लेखी मेसेज घेऊन तोच पुढे पाठवायचा. स्वतःचा खासगी नंबर देऊ नका. रुग्णालयाचा मोबाइल ठेवा आणि तो रात्री कुणाकडे असेल हे ठरवून घ्या, नाहीतर तुमच्या सुट्टीच्या दिवशी सगळी साखळी तुटते. रुग्णालय प्रशासन बिलाच्या चौकशा आणि ओपीडीची रांग हे कामही याच टेबलावर आणून ठेवतं. ते पहिल्याच आठवड्यात नाकारा; एकदा घेतलं की तिसऱ्या दिवसाचे फोन राहायला लागतात.

नव्वदाव्या दिवशी पेशंट किती परावलंबी आहे याची सुधारित रँकिन मोजपट्टीवर नोंद करा, शून्य (काहीच त्रास नाही) ते सहा (मृत्यू), आणि डिस्चार्जच्या दिवशीच्या आकड्याशी ताडून पाहा. मग पेशंटला त्याच्या फॅमिली डॉक्टरकडे किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या (जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या) समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे सोपवा. कागद एकच पान : स्ट्रोकचा प्रकार आणि तारीख, चालू गोळ्या आणि प्रत्येकीचा शेवट, बीपी-साखर-एलडीएलचे लक्ष्य आकडे, शेवटचे मोजलेले आकडे, राहिलेली कामं, आणि सेवा करणाऱ्या व्यक्तीचं नाव व नंबर. कागद पाठवल्यावर फोन करून तो कुणाच्या हातात पडला ते विचारा, आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या पेशंटने तिथून घेतल्याचं कळल्यावरच आपल्या वहीतलं नाव बंद करा.